विभागाची इमारत पूर्ण ऑफ-ग्रिड सोलरवर: शहाणपणा की हौस?

टेकडीवरचा मास्तर:
आमच्या विद्यापीठाचं केंद्र कोकणात. पंखे, संगणक, प्रयोगशाळा धरून रोज 60 युनिट लागतात. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर इकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइन नव्हती. माझं स्पष्ट मत, वीज कंपनीची जोडणीच काढून टाकावी, म्हणजे पूर्ण ऑफ-ग्रिड. 1 किलोवॉटला दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. बॅटरीतली गळती धरून 20 किलोवॉट पुरे.

बिलवाला:
सरासरीवर काय जाता? जुलैच्या झडीत त्याच्या निम्मी मिळाली तरी नशीब. दोन दिवसांचा साठा म्हणजे 120 युनिट. 12 व्होल्ट 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठ्याचं माप) ट्युब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची बॅटरी 1.8 युनिटांची, निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाती 0.9. झाल्या 134 बॅटऱ्या! नगाला 14 हजार धरले तर पावणेएकोणीस लाख, चार-पाच वर्षांनी पुन्हा तेच. त्यात डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, शिपाई? शिवाय मे महिन्यात कडक ऊन, तेव्हा तुम्हाला सुट्टी. बॅटऱ्या भरल्या की वीज वाया. नेट मीटर, म्हणजे लाइनला दिलेली आणि लाइनवरून घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर असेल तर तीच युनिटं बिलातून वजा होतात.

टेकडीवरचा मास्तर:
लाइन गेली की नेट मीटरवाला साधा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरायजोगी करणारं यंत्र) आपणहून बंद पडतो, खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. छतावर लख्ख ऊन आणि डीप फ्रीझरमधले नमुने खराब! जनरेटर लिटरला जेमतेम तीन युनिट देतो, आणि झाडं पडून रस्ता बंद झाला की डिझेल तरी कुठून आणायचं? लिथियम घेऊ. 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, पाण्याची कटकट नाही.

बिलवाला:
आधी कोटेशन आणा, मग बोलू.

वायरिंगवाली:
60 युनिट काय ताम्रपटावर लिहिलेत? पंखे 40 तरी असतील ना? जुना 75 वॉटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 चा. सात तास चालले तर रोज साडेबारा युनिट वाचतात. साठ्यातून 28 बॅटऱ्या कमी, म्हणजे जवळपास चार लाख. पंखे तीन हजारांनी घेतले तरी एक लाख वीस हजार. फ्रीझर, सर्व्हर, मोजके दिवे वेगळ्या डीबीवर (वीज वाटणाऱ्या पेटीवर) घ्या, तेवढ्यापुरती बॅटरी आणि लाइन गेली तरी बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर. बाकी सगळं नेट मीटरवर.

टेकडीवरचा मास्तर:
पंखे पटले. पण डीबी वेगळा करायचा तर भिंती फोडा, त्याचं टेंडर वेगळं काढा. जोडणी ठेवण्याचं अजून पटत नाही.

बिलवाला:
काढा की. परत घेताना अनामत भराल तेव्हा आमची आठवण ठेवा.