'द हॉट झोन' परत वाचलं, आता पुढे काय वाचू?

रिचर्ड प्रेस्टनचं इबोला व्हायरसवरचं 'द हॉट झोन' (1994) परत हातात घेतलं आणि पुन्हा तेच, खाली ठेववेना. शेवट माहितीये, रेस्टनच्या माकडांमधला इबोला माणसांना आजारी पाडत नाही हेही माहितीये, तरी व्हर्जिनियातल्या त्या बिल्डिंगमध्ये आर्मीची माणसं सूट घालून शिरतात तेव्हा धडधडतंच. यावेळी सगळ्यात जास्त अंगावर आला तो आर्मीतल्या पशुवैद्य नॅन्सी जॅक्सचा प्रसंग. घरी डबा उघडताना तळहाताला सुरी लागलेली, वर नुसती पट्टी, आणि लॅबमध्ये इबोलाच्या माकडावर काम करताना तिच्या सूटचा ग्लोव्ह फाटतो, आत रक्त, आणि सगळ्यात आतला ग्लोव्ह शाबूत आहे की नाही हे कळेपर्यंत आपलाही श्वास अडकतो. तिथे कुठे रंगवून सांगितलेलं नाहीये म्हणूनच खरं वाटतं. त्याउलट विमानातला तो पेशंट, अवयव विरघळतायत वगैरे, ते वाचताना खटकत राहिलं. तर असंच खिळवून ठेवणारं पण विज्ञान पक्कं असलेलं काही सुचवा ना. इंग्रजी, मराठी काहीही चालेल.

प्रतिसाद:
डेव्हिड क्वामेनचं 'स्पिलओव्हर' (2012) डोळे झाकून घ्या. तुम्हाला जे खटकलं ना, नेमकं तेच त्याने व्हायरसतज्ज्ञ कार्ल जॉन्सनना विचारलंय, 1976 ला काँगोतल्या (तेव्हाचं झैर) यांबुकूत इबोला पसरला तेव्हा तिथली आंतरराष्ट्रीय टीम ज्यांच्या हाताखाली होती ते, आणि हॉट झोनमधली रक्ताच्या अश्रूंची गोष्ट त्यांनी साफ उडवून लावली. इबोलात पुष्कळ पेशंटना बाहेर दिसेल असा रक्तस्राव होतच नाही, उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी जातं आणि माणूस शॉकमध्ये जातो. यांबुकूला 318 पैकी 280 लोक गेले, आणि तिथल्या मिशन हॉस्पिटलात रोज मोजक्या सिरिंज काढायचे आणि त्याच धुऊन धुऊन दिवसभर सगळ्यांना वापरायचे. मला तरी हॉट झोनमधल्या त्या व्हायरसवाल्या गुहेपेक्षा याची भीती जास्त वाटते. पुस्तक जाडजूड आहे, हेंड्रा व्हायरसपासून सुरू होतं, निपाह व्हायरसही आहे, मध्ये थोडं रेंगाळतं पण सोडू नका.

प्रतिसाद:
स्पिलओव्हरला +1. पण हॉट झोनला कमी लेखू नका, मेलेल्या माकडांकडे कसं बघायचं ते त्या पुस्तकाने शिकवलं. आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप आला तेव्हा काजूच्या बागेत जाणाऱ्या लोकांना हेच सांगावं लागायचं, माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, कळवा, कारण त्याच्या अंगावरचे गोचीड आता दुसरीकडे चढणार. हा माकडतापाचा व्हायरस 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि शोधला आपल्या पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आताची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था). यावर कोणी मराठीत दमदार पुस्तक लिहिलं असेल तर नाव टाका प्लीज, मीही शोधतोय.

धागाकर्ता:
स्पिलओव्हर आजच मागवते. आणि माकडतापाबद्दल अजून लिहा ना, गावातल्या लोकांना लस वगैरे मिळाली होती का?