‘भेदभाव’, ‘बहिष्कार’ की आणखी काही? टेक्ससच्या कंत्राट कायद्यातला एक शब्द

बोरू : टेक्ससच्या एसबी 19 (सिनेट बिल 19) या कायद्याचा (2021) मराठी गोषवारा करायचा आहे. बंदुकांच्या धंद्याशी ‘डिस्क्रिमिनेट’ करणाऱ्या कंपनीला सरकारी कंत्राट द्यायचं नाही, असा त्याचा रोख. ‘भेदभाव’ लिहिलं की वाचणाऱ्याला जात, धर्म, लिंग आठवतं. इथे समोर माणूस नाही. कारखाना, दुकान, नाहीतर नेमबाजीचं मैदान आहे. दुजाभाव, सापत्नभाव, बहिष्कार... यांतलं काय चालेल?

तळटीप : दुजाभाव आणि सापत्नभाव आधी बाजूला काढा. त्यांत संबंध टिकतो, फक्त माप कमी पडतं. या कायद्याच्या व्याख्येत तीनच गोष्टी आहेत : व्यवहार करायला नकार देणं, चालू व्यवहार पुढे न नेणं, चालू व्यवहार तोडणं. बँकेने बंदूक-विक्रेत्याला कर्ज दिलं पण व्याज चढं लावलं, तर तो दुजाभाव. पण या तिन्हींत तो शब्दशः बसत नाही. ‘पंक्तिप्रपंच’ही म्हणूनच बाद. तिथे निदान पानावर बसवलेलं तरी असतं!

ताजा कलम : म्हणजे ‘वाळीत टाकणे’च की. सरळ ‘बहिष्कार’ लिहा.

तळटीप : तिथेच घोटाळा होईल. टेक्ससमध्ये याच साच्याचे आणखी दोन कायदे आहेत : एक इस्राएलबाबत, दुसरा तेल-वायू वगैरे ऊर्जा कंपन्यांबाबत. त्या दोन्हींत शब्द ‘बॉयकॉट’ आहे आणि व्याख्येत समोरच्याला दंडित करण्याचा, त्याचं आर्थिक नुकसान करण्याचा हेतूही येतो. बंदुकांच्या कायद्यात हेतूची अट नाही. नकाराचं कारण काय, एवढंच बघायचं. तिन्हींना ‘बहिष्कार’ म्हटलं तर हा फरक पुसला जाईल. शिवाय आपल्याकडे 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यामुळे त्या शब्दाला जातपंचायतीचा वास आहे. माझं मत : मथळ्यात ‘भेदभाव’, आणि पहिल्याच वाक्यात ‘म्हणजे केवळ बंदूक-व्यवसाय आहे म्हणून व्यवहार नाकारणे वा तोडणे’ असा खुलासा.

बोरू : ‘केवळ’ आवश्यक आहे का? वाक्य लांबतंय.

तळटीप : तो शब्द गाळलात तर कायदाच बदलतो. मूळ इंग्रजी शब्द ‘सोलली’ (solely). आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 15 मधलं ‘केवळ धर्म, वंश, जात...’ आठवा, तोच ‘केवळ’. ग्राहकाची पत खराब आहे, हप्ते थकलेत, अशा त्या विशिष्ट ग्राहकापुरत्या व्यावसायिक कारणाने नकार दिला तर तो भेदभाव नाही. कायदा वा नियामकाचा आदेश पाळण्यासाठी दिलेला नकारही नाही. एखादं दुकान किंवा ऑनलाइन बाजारपेठ आपल्या ठरलेल्या धोरणानुसार बंदुका विकायला ठेवत नसेल, तर तेही वगळलंय.

खरा वाद अटींवरून झाला. सिटीग्रुप या अमेरिकी बँकेने 2018 मध्ये बंदूक विकणाऱ्या ग्राहकांना अटी घातल्या, त्यांत 21 वर्षांखालच्यांना विक्री नको ही एक. बँकेचं म्हणणं, आम्ही या धंद्याला नकार देत नाही. राज्याच्या महाधिवक्त्याच्या कार्यालयाने जानेवारी 2023 मध्ये तो भेदभावच ठरवला. बँकेने ते धोरण 2025 मध्ये मागे घेतलं. अट म्हणजे नकार का, हा प्रश्न ‘दुजाभाव’ लिहून सुटत नाही, उलट झाकला जातो.

ताजा कलम : आपण असा भेदभाव करत नाही हे कंपनीने करारात लिहून द्यायचं, त्याला कायद्यात ‘व्हेरिफिकेशन’ म्हटलंय. त्याला मी ‘पडताळणी’ सुचवणार होतो.

तळटीप : पडताळणी दुसरा कोणीतरी करतो. इथे कंपनी स्वतःच करारात लिहून देते. ‘प्रतिज्ञापत्र’ म्हटलं की शपथ आणि नोटरी आले. कायदा फक्त लेखी कथन मागतो. ‘हमी’ निम्मंच काम करते, कारण कथनाचे दोन भाग आहेत : आज असं धोरण, प्रथा वा निर्देश नाही, आणि कराराच्या मुदतीत असा भेदभाव करणार नाही. पहिला भाग वस्तुस्थितीचा, दुसरा वचनाचा. ‘लेखी ग्वाही’ दोन्ही पेलते.

लागू कुणाला, तेही नेमकं लिहा : किमान 10 पूर्णवेळ कर्मचारी आणि किमान 1 लाख डॉलरचं कंत्राट, ज्याचे पैसे पूर्णतः वा अंशतः सरकारी निधीतून जातात. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ पडलं तर आठ माणसांच्या दुकानालाही ग्वाही द्यावी लागेल. एकाच मालकाची, भागीदार नसलेली पेढी यातून बाहेर आहे. एकमेव पुरवठादार असेल, किंवा ग्वाही देऊ शकणारी एकही निविदा आली नसेल, तर अट लागत नाही.

बोरू : ‘अॅक्सेसरी’साठी ‘सुटे भाग’?

तळटीप : नको. सुट्या भागाविना बंदूक चालत नाही, आणि व्याख्या म्हणते मूळ कार्याला आवश्यक नसलेली वस्तू. ‘पूरक साहित्य’ लिहा : दुर्बीण, म्यान, पट्टा. गंमत म्हणजे काढता-घालता येणारं मॅगझिनही (गोळ्या भरायची पेटी) त्यात नाव घेऊन घातलंय, ते वेगळं नमूद करा.

ताजा कलम : आणि ‘अॅम्युनिशन’ला ‘काडतुसे’ नको, ‘दारूगोळा’च. व्याख्येत सुटी गोळी, प्रायमर (काडतूस पेटवणारी टोपी) आणि नुसती बंदुकीची दारूही येते.