पिप्पिआरे: रटरटणे की खदखदणे?

कढीलिंब: इटलीतल्या नापोलीच्या एका घरातल्या रविवारच्या रगूची (मांस घालून शिजवलेला टोमॅटोचा सॉस) कृती मराठीत आणतेय. पणजीपासून चालत आलेली. वहीत मापं नाहीतच, जिथे तिथे 'क्वांतो बास्ता'; ते 'बेताने' म्हणून निभावलं. अडलंय 'पिप्पिआरे'वर. डुकराच्या बरगड्या आणि गोमांसाच्या गुंडाळ्या (आत लसूण, पार्सली, बेदाणे, चिलगोजे) कांद्यावर परतायच्या, वाईन आटवायची, टोमॅटो घालायचा. मग झाकणाखाली लाकडी चमचा अडकवून फट ठेवायची आणि तासन्‌तास... काय होऊ द्यायचं? मी 'रटरटू द्या' लिहिलं, संपादकांनी 'खदखदू द्या' केलं. तेव्हापासून मीच खदखदतेय.

पाटावरवंटा: खदखदतो तो भात, नाहीतर असंतोष. रटरटतं ते पिठलं: दाट, बुडबुडा फट्‌कन फुटतो नि हाताला चटका बसतो. रगू दाटच ना? मग रटरटणेच.

कढीलिंब: पण रटरटायला आच लागते. इथे बुडबुडा वर यायचाही कंटाळा करतो. एक फुटला की दुसऱ्याची वाट बघत बसा.

शुद्धलेखक: 'मंदाग्नीवर शिजवावे' हा रूढ प्रयोग असताना हा खटाटोप कशाला?

पाटावरवंटा: मंदाग्नी झाला की माणूस वैद्याकडे जातो, जेवायला बसत नाही.

शुद्धलेखक: वैद्यकातला अर्थ वेगळा, स्वयंपाकातला वेगळा. आणि 'रगू' तरी का? 'रस्सा' म्हणा.

बोलोन्याहून: रस्सा ओरपतात हो! शिवाय रगू कुठला तेही महत्त्वाचं. आमच्याकडे बारीक केलेलं मांस. त्याची कृती १९८२ साली इथल्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवलीय, २०२३मध्ये सुधारलीसुद्धा. नापोलीत अख्खे तुकडे. सॉस आधी हाताने मोडलेल्या झीतीवर (पास्त्याच्या लांब पोकळ नळ्या असतात), मांस मागाहून वेगळं वाढायचं. माझ्या सासूबाई मूळच्या तिकडच्या. त्यांच्या मते पिप्पिआरे हा शब्द पाईप ओढण्यावरून आला, म्हातारा थांबून थांबून धूर सोडतो तसा.

सावंतवाडीकर: धूर कसला, आवाज तो! आमच्या खतखत्याचं नावही खतखतण्यावरूनच. 'खतखतू द्या' लिहून टाका.

शुद्धलेखक: ती बोली झाली. सगळ्या वाचकांना कशी कळणार?

सावंतवाडीकर: आणि पिप्पिआरे काय प्रमाण इटालियन आहे? नापोलीची बोलीच ना ती? बोलीला बोलीच हवी.

मामंजी: चुलीचा वैल कुणाला आठवतो का? लाकडं पुढे जळायची, वैलाला नुसती धग. आई आमटी तिथे सरकवून भाकऱ्यांना बसायची. पंगत बसेपर्यंत आमटी जेमतेम हलत असायची. तुमचं पिप्पिआरे ते हेच. 'वैलावर राहू द्या' लिहा.

पाटावरवंटा: वैल नाही, औल.

मामंजी: आमच्याकडे वैलच.

बोलोन्याहून: आजीकडे औल म्हणायचे, पण ती मूळ कुठली हे मलाच नीट माहीत नाही.

कढीलिंब: अहो, गॅसवर वाढलेल्या वाचकांचं काय? उद्या मजकूर द्यायचाय!

शुद्धलेखक: औल हे रूप मला तरी बोलीतलं वाटतं.

सावंतवाडीकर: पुन्हा बोली! उलाणा म्हणजेच वैल का, ते सांगा आधी.