विषय: डे प्रोग्रॅम चालू असताना बडोद्याला परतायचंय. इथे काय मिळेल, काय जुळवावं लागेल?

प्रश्न (नाव मॉडरेटरकडे आहे, मुलीची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत)

नमस्कार मंडळी. बहिणीचं कुटुंब मे महिन्यात न्यू जर्सीहून कायमचं बडोद्याला येतंय, कारेलीबागेत आजी-आजोबांकडे. भाची १४ वर्षांची. नैराश्य, स्वतःला इजा करून घेणं, आणि जानेवारीपासून शाळा बंद. सध्या पार्शल हॉस्पिटलायझेशन (दिवसा उपचार, रात्री घरी) चालू आहे, आठवड्याचे ५ दिवस, ९ ते ३. बडोद्यात असा प्रोग्रॅम आहे का? नसेल तर आठवड्याला एकदा डॉक्टरांना दाखवून भागेल का? आणि निघण्याआधी तिथून काय काय करून घ्यावं?

उत्तर: न्यू जर्सीहून, किशोरवयीनांच्या डे प्रोग्रॅममधली नर्स

दादा, आठवड्याला एका भेटीवर भागणार नाही. त्या सहा तासांत काय काय असतं ते बघा, म्हणजे तिथे काय उभं करायचं ते कळेल.

सकाळी बॅग तपासतात. मग चेक-इन: झोप किती तास, मूड ० ते १० मध्ये कुठे, इजा करावीशी वाटली का, वाटली तेव्हा काय केलं. दिवसभरात दोन-तीन गट, एकेका गटात साधारण ६ ते ८ मुलं. त्यातला एक डीबीटीच्या, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या थेरपीच्या, कौशल्यांचा. तास-दीड तास शाळेचा अभ्यास. जेवण मोठ्यांच्या नजरेसमोर. वैयक्तिक थेरपी आठवड्यात एक-दोनदा, कुटुंबाची बैठक एकदा, सायकियाट्रिस्टची भेट एकदा. शेवटी चेक-आउट: संध्याकाळी घरी कोण आहे, काय करणार, त्रास वाढला तर आधी कोणाला सांगणार. हा शेवटचा भाग पाच-दहा मिनिटांचा, आणि पालक तेवढ्यातच गाडी काढायला जातात. संध्याकाळची आखणी पालकांच्या कानावर गेली नाही तर दिवसभराच्या कामावर पाणी पडतं.

पार्शलनंतरची पायरी इंटेन्सिव्ह आउटपेशंटची: आठवड्याला तीन दिवस, तीन-तीन तास, बहुधा शाळा सुटल्यावर. जमलं तर प्रवास थोडा लांबवून ही पायरी इथेच पूर्ण करा. पार्शलचे दिवस विमा कंपनी थोडे थोडे करून मंजूर करते, त्यामुळे प्रोग्रॅममधून सुट्टी कधी मिळणार हे आधी नक्की सांगता येत नाही. अंदाजाने तिकिटं काढू नका.

कागदपत्रांत डिस्चार्ज समरी एकटी पुरत नाही. आजवरच्या प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, डोस, कधीपासून कधीपर्यंत आणि बंद का केलं, हे लिहून मागा. मानसशास्त्रीय चाचण्यांचा पूर्ण अहवाल गुणांसकट, सुरक्षितता आराखडा (त्रास वाढला तर काय करायचं याची लेखी यादी), शाळेचा ५०४ किंवा आयईपी (मुलीला शाळेत द्यायच्या सवलतींची लेखी योजना) हेही घ्या. फ्लुओक्सेटीन, एस्सिटॅलोप्रॅम भारतात सहज मिळतात. अ‍ॅडेरॉल (एकाग्रतेच्या त्रासावरचं, एडीएचडीचं औषध) चालू असेल तर ते तिथे मिळत नाही. बदल निघण्याच्या पुरेसा आधी करून, तो मानवतो की नाही हे इथेच पाहून घ्या. प्रवासाच्या आठवड्यात मात्र औषधात कसलाही फेरफार नको. एसएसआरआय (फ्लुओक्सेटीन, एस्सिटॅलोप्रॅम ज्यात येतात तो नैराश्यावरच्या औषधांचा गट) सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता, झोप उडणं, आत्महत्येचे विचार यांवर बारीक नजर ठेवावी लागते. एफडीएचा (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचा) २००४ चा ठळक इशारा त्याबद्दलच आहे. त्यात जेट लॅग आला की झोप कशाने उडाली हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि 'इथल्याच थेरपिस्टशी व्हिडिओवर चालू ठेवू' या भरवशावर राहू नका. परवाना राज्यापुरता असतो, मुलगी भारतात गेल्यावर बहुतेक जण नकार देतात. त्याऐवजी जुन्या आणि नव्या थेरपिस्टचं आपसात एकदा बोलणं ठरवा. त्यासाठीच्या संमतीपत्रावर सही निघण्यापूर्वीच करून ठेवा.

उत्तर: बडोद्याहून, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट

ताईंनी सांगितलेलं सगळं पटतं. एकच भर: इथे तयार प्रोग्रॅम शोधण्यात महिना घालवू नका. 'डे केअर' अशी पाटी दिसली तर आधी वयोगट विचारा. अनेकदा ते मोठ्या माणसांचं पुनर्वसन किंवा व्यसनमुक्ती असतं, आणि चौदा वर्षांच्या मुलीला तिथे बसवणं चूकच.

सायकियाट्रिस्ट आधी ठरवा. खाजगी पाहा, नाहीतर सयाजी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी आहे आणि कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयही. त्याचं नाव काढलं की घरच्या वडीलधाऱ्यांचा चेहरा पडतो. ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती नव्हे, हे त्यांना अगोदरच समजावून ठेवा. थेरपिस्टकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा. 'काउन्सेलर' ही पाटी कोणीही लावू शकतं. दोन भेटींच्या मध्ये फोन घेता का, किती वाजेपर्यंत, हेही पहिल्याच दिवशी विचारा.

मग आठवडा बसवायचा, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते १, जमेल तेवढा घराबाहेर. दोन दिवस वैयक्तिक थेरपी, ५० मिनिटांची. एक दिवस कुटुंबाची बैठक, तीही आजीसकट आणि मराठीत, कारण दुपारी घरात आजीच असणार. रोज तासभर शिकवणी, पण शिक्षकाच्या घरी जाऊन. सकाळी ७ ला कमाटीबागेत अर्धा तास चालणं. सकाळच्या उजेडाने झोपेचं घड्याळही जागेवर येतं. 'मन झालं की जाऊ' असं ठेवलं तर नैराश्यात मन होतच नाही. वेळ कागदावर लिहायची, जाऊन यायचं, आणि मूडचा आकडा नंतर मांडायचा.

गट मात्र असा जुळवता येत नाही, ती उणीव राहणारच. तबला, चित्रकला, काहीही चालेल, चार-पाच मुलांचा वर्ग हवा, जिथे मार्क विचारत नाहीत. ती थेरपी नव्हे, पण समवयस्कांत बसण्याची सवय टिकते. उलट, असाच त्रास असलेल्या मुलींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चांगल्या मनाने कोणी करून देऊ नये. इजा करण्याची सवय एकमेकींकडून उचलली जाते. प्रोग्रॅममध्येसुद्धा जखमांचे तपशील गटात बोलू देत नाहीत, ते याचसाठी.

आता घर. मुलीची औषधं कुलपात ठेवतात आणि आजोबांच्या बीपीच्या, साखरेच्या, झोपेच्या गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर राहतो. सगळ्यांची औषधं एकाच कुलपात, किल्ली एकाकडे, मुलीच्या हातात फक्त त्या वेळचा डोस. उंदराचं औषध, कीटकनाशक घरात ठेवूच नका. खोलीची आतली कडी काढा, पण का काढतोय हे तिला सांगून. रोज कपाट उचकायला लागलात तर ती सांगणंच बंद करेल.

सुरक्षितता आराखडा इथे येऊन नव्याने लिहा. स्टॅन्ली-ब्राउन पद्धतीत सहा पायऱ्या असतात: धोक्याची लक्षणं, स्वतःला करता येण्याजोगं काही, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागण्याजोगी माणसं, डॉक्टर आणि हेल्पलाइन, घरातला धोका कमी करणं. मधल्या पायऱ्यांतल्या मैत्रिणी न्यू जर्सीत. बडोद्यात दुपारी मन बिघडलं तर तिकडे पहाट असते. ९८८ हा अमेरिकेतल्या हेल्पलाइनचा नंबर इथून उपयोगाचा नाही. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, लिहा, चोवीस तास चालू असतं. आणि अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८.

शाळेचा विषय पहिले दोन महिने काढू नये, असं माझं मत.

प्रश्नकर्ता

खूप आभार. विमा चालेल का? आणि भरती करायची वेळ आलीच तर?

उत्तर: बडोद्याहून, मानसोपचार समाजकार्यकर्ती

थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २१(४): विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच निकषावर विमा द्यायचा आहे. पण बहुतेक पॉलिसींत 'भरती' म्हणजे सलग २४ तास, त्यामुळे वर जुळवलेल्या आठवड्याचा खर्च खिशातून धरा. नवीन पॉलिसी घेताना आजार लपवू नका, क्लेम तिथेच अडतो.

भरतीसाठी कलम ८७. अल्पवयीन मुलांना अपवादात्मक स्थितीतच घेतात, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, त्यातला एक सायकियाट्रिस्ट. मोठ्यांपासून वेगळी जागा, आणि घरचं किंवा नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत. मुलीसोबत बाईमाणूस लागतं. ही रजा कोण काढणार ते आत्ताच ठरवा. रुग्णालयाने ७२ तासांत याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं असतं. जीव देण्याचा ठरवलेला बेत बोलून दाखवत असेल, किंवा आज रात्रीपुरता आराखडा पाळायलाही तयार नसेल, तर इथे या चर्चेत विचारत बसू नका. एकटं सोडू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

उत्तर: बडोद्याहून, शाळा-समुपदेशक

दोन महिने शाळेचं नाव नाही, हे मला पटत नाही. जितके दिवस घरी जातात तितकी शाळा मोठी होत जाते. तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करा, पण पूर्ण दिवसाचा आग्रह नको.

सीबीएसईत बोर्डाची नोंदणी ९ वीतच होते आणि थेट १० वीत प्रवेश अवघड, म्हणून यंदाची ९ वी महत्त्वाची. हजेरी ७५ टक्के लागते. आजारपणामुळे कमी पडली तर शाळा कागदांसह प्रकरण बोर्डाच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवते. सर्टिफिकेट रजेच्या वेळीच द्या, फेब्रुवारीत गठ्ठा आणून दिला तर कोणी हात लावत नाही. त्यात निदान लिहिलंच पाहिजे असं नाही. 'उपचार चालू, इतक्या तासिका बसू शकते, अमुक सवलत हवी' एवढं डॉक्टरांनी लिहिलं तरी काम होतं. एनआयओएसमधून (शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) १० वी किमान वय १४ ला देता येते, पण शाळा टाळणाऱ्या मुलीला तो मार्ग सुरुवातीलाच दाखवला तर बाहेर पडायचं कारणच उरत नाही.

सुरुवात अशी: युनिफॉर्म घालून फाटकापर्यंत, समुपदेशकाच्या खोलीत ४० मिनिटं, परत. तीन दिवस तेच. मग तिच्या आवडीच्या दोन तासिका, मग मधल्या सुट्टीपर्यंत. मधली सुट्टी सगळ्यात शेवटी, कारण वर्गात बाक ठरलेला असतो, सुट्टीत कोणाजवळ बसायचं हे ठरलेलं नसतं. पोट दुखलं तर पायरी अर्धी करा, दिवस रद्द करू नका. घरी राहिलीच तर शाळेच्या वेळात फोन आणि टीव्ही बंद. 'अमेरिका सोडून का आलात?' हे वर्गात आणि मंडळाच्या गणपतीत हमखास विचारतील. 'तब्येत बरी नव्हती, आता इथेच शिकणार' असं एक वाक्य तिच्याकडून म्हणवून घ्या. मंडळातल्या काका-काकूंनी पुढचा प्रश्न विचारू नये ही विनंती.

ऑक्टोबरच्या सुमाराला गाडी रुळावर येते आणि नवरात्र लागतं. नऊ रात्री गरबा, झोप बारा-एकला, सकाळी शाळा, रात्रीचा डोस विसरलेला. गरबा बंद करू नका, मैत्रिणी तिथेच होतात. एकाआड एक रात्र जाऊ द्या, साडेदहाला घरी, डोसची वेळ फोनच्या गजरावर लावलेली. दसऱ्यानंतर शाळा उघडेल त्या दिवशी दोनच तासिका ठेवा, आणि हे वर्गशिक्षकांना आठवडाभर आधी कळवा.