मदत हवी आहे: हायस्कूलमध्ये खगोल मंडळ सुरू करतेय, आधी दुर्बीण घ्यावी का?

फळा_खडू (धागाकर्ती)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातलं अनुदानित हायस्कूल, वेळ ११ ते ५, शनिवारी सकाळची शाळा. आठवी-नववीची ४० मुलं खगोल मंडळात यायला तयार आहेत. एका माजी विद्यार्थ्याने दुर्बिणीसाठी ८ हजार रुपये देऊ केलेत. दुकानदार '५२५ पट मोठं दिसेल' अशी ६० मिमीची दुर्बीण सुचवतोय. बरीच मुलं एसटीने येतात, त्यामुळे संध्याकाळी थांबवणं अवघड.

दिवसा करता येईल म्हणून काठीची सावली मोजून पाहिली. बरोबर १२ वाजता सावली उत्तरेला पडायला हवी होती, पण होकायंत्राशी ७-८ अंशांचा फरक आला. काय चुकतंय? आणि असं मंडळ वर्षभर टिकवायचं कसं?

लंबक

मॅडम, ती दुर्बीण घेऊ नका. ६० मिमीच्या भिंगाला साधारण १२० पटच झेपतं, त्यापुढे नुसतं मोठं आणि धूसर दिसतं. त्या किमतीतला तिपाई स्टँड हात लागला की थरथरतो. शिवाय १०० पटीला सुमारे अर्धा अंश आकाश दिसतं आणि आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. म्हणजे गुरू मध्यावर आणला की मिनिटभरात तो कडेला जातो. दर मुलामागे दुर्बीण पुन्हा लावायची, तर ४० मुलांना तास पुरत नाही आणि शेवटच्या दहा जणांना काळोखच दिसतो.

स्वस्त संचात नेत्रिकेवर (डोळा लावायच्या भिंगावर) बसवायचा 'सूर्य फिल्टर' मिळतो, तो तर शाळेत ठेवूच नका. भिंगाने एकवटलेल्या उष्णतेने ती काच तडकते आणि डोळा त्याच जागी असतो.

देणगीदारांना विचारून १०×५० ची (१० पट, ५० मिमी भिंगांची) एक द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. चंद्रावरची विवरं आणि कृत्तिका तिच्यातून छान दिसतात. उरलेले पैसे सावली मोजायच्या कट्ट्यावर लावा. तुमच्या वेळापत्रकात तोच बसतो.

शंकुछाया

तुमची काठी बरोबर आहे, घड्याळातले १२ चुकीचे आहेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. सातारा ७४ अंशांवर. साडेआठ अंशांचा फरक, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं. तुमचा मध्यान्ह सरासरी १२:३४ ला होतो. त्यात सूर्याच्या वर्षभरातल्या कमी-जास्त चालीमुळे भर पडते किंवा घट होते: नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो १२:१८ च्या सुमारास, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२:४८ ला. आत्ता नोव्हेंबरात १२ वाजता सूर्य अजून मध्यावर आलेला नसतो, म्हणून सावली उत्तरेच्या सुमारे ७ अंश पश्चिमेला पडते. मुलांनी अगदी बरोबर मोजलंय, हे त्यांना आवर्जून सांगा.

मध्यान्ह ठरवायला सर्वांत आखूड सावली शोधत बसू नका. मध्यान्हाच्या आसपास लांबी इतकी कमी बदलते की पाच-सहा मिनिटं काही फरकच कळत नाही. त्यापेक्षा आपली जुनी शंकूची (उभ्या काठीची) रीत करा. ५० सेंमी उंच काठी उभी करा, बुंध्याभोवती ४०, ४५ आणि ५० सेंमी त्रिज्येची वर्तुळं आखा. दुपारपूर्वी सावलीचं टोक एकेका वर्तुळाला आत येताना छेदतं, दुपारनंतर बाहेर जाताना. एका वर्तुळावरच्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते आणि दोन वेळांचा मध्य काढला की तुमच्या गावचा मध्यान्ह. नोव्हेंबरच्या मध्याला ४५ सेंमीचं वर्तुळ पावणेअकराच्या आणि पावणेदोनच्या सुमारास छेदलं जाईल, म्हणजे प्रार्थनेआधी आणि मधल्या सुट्टीत. तास बुडत नाही.

फळा_खडू

शंकुछाया सर, गच्चीवर केलं. मध्यान्ह १२:१९ आला, मुलं नाचली! पण दोन अडचणी. सावलीचं टोक पुसट आहे, सहा-सात मिलिमीटरांत नेमकी खूण कुठे करायची यावर वाद होतात. आणि तीन वर्तुळांच्या तीन रेषा एकमेकींना समांतर येत नाहीत.

शंकुछाया

टोक पुसट होणारच. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. अंतराच्या १०८ व्या भागाएवढी कडा विरघळते. काठीच्या टोकापासून जमिनीवरच्या सावलीपर्यंत तिरकं अंतर आत्ता ६२ सेंमी, म्हणजे जवळपास ६ मिमी, तिरप्या पडण्याने थोडं जास्तच. उपाय सोपा: टोकाला पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा आडवा चिकटवा आणि त्याला ४ मिमीचं भोक पाडा. पुठ्ठ्याच्या सावलीत एक लांबट उजेडाचा ठिपका पडेल, तो सूर्याचीच प्रतिमा आहे. त्याच्या मधोमध टोकदार पेन्सिलीने खूण करायची. पेन्सिल वरून उभी धरा, नाहीतर तिचीच सावली ठिपक्यावर पडते. उंची भोकापासून मोजा, काठीच्या टोकापासून नाही.

रेषा समांतर न येण्याचं कारण बहुतेक गच्चीच आहे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. मीटरला एक सेंमी उतारसुद्धा अर्ध्या अंशाहून जास्त होतो, आणि तो पूर्व-पश्चिम असेल तर सकाळची सावली एका बाजूला लांबते, दुपारची आखडते. १२ मिमीचा ४×३ फुटी प्लायवूड घ्या, खाली पाचरी घालून पाणलेव्हलने दोन्ही दिशांना सपाट करा. काठी दक्षिणेच्या लांब कडेच्या मध्याजवळ ठेवा. हिवाळ्यात सावल्या उत्तरेलाच पडतात, अर्धवर्तुळ पुरतं.

वर्तुळाचा मध्य म्हणजे काठीचा बुंधा नव्हे. भोकातून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा, तो जिथे टेकेल तो मध्य. असं केलंत तर काठी किंचित कललेली असली तरी चालतं. गच्चीवर होकायंत्रावरही विसंबू नका, स्लॅबमधल्या सळया सुई ओढतात.

चकोर_नागपूर

मंडळ टिकण्याबद्दल. 'शून्य सावली दिना'वर (मध्यान्हाला सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो दिवस) वर्षाची आखणी करू नका. साताऱ्यात तो १० मेच्या आसपास आणि १-२ ऑगस्टच्या सुमारास येतो. पहिल्या वेळी सुट्टी, दुसऱ्या वेळी ढग. दर बुधवारी एक मोजणी हा नेम ठेवा. ५० सेंमीच्या शंकूची मध्यान्ह सावली २१ डिसेंबरला ४३-४४ सेंमी होते, मार्चच्या विषुवदिनाला १६ वर येते, आणि जूनमध्ये ढग फाटले तर ५ सेंमी, तीसुद्धा दक्षिणेला! हा आलेख भिंतीवर दर आठवड्याला एका टिंबाने वाढत जातो, मुलं तो बघायला येतात.

पाच-पाच जणांचे आठ गट करा. एक वेळ सांगेल, एक खूण करेल, एक मोजेल, एक लिहील, एक लेव्हल आणि ओळंबा तपासेल. कामं दर वेळी बदला. वेळ एकाच मोबाइलवरून घ्या. वही शाळेत राहते, पेनने लिहायची, चुकलं तर एक आडवी रेघ, खोडरबर बंद. सर्वांत महत्त्वाचं: येणारं उत्तर आधी सांगू नका. सांगितलंत की मुलं आकडे 'नीट' करून आणतात, आणि मग मोजण्यात अर्थच उरत नाही. नववीची मुलं दहावीत अडकतात, म्हणून जानेवारीपासून प्रत्येक गटाचा प्रमुख आठवीतला हवा.

लंबक

यात गणितही आहे. त्रिकोणमिती नववीपासून येते, पण आठवीची मुलं काटकोन त्रिकोण प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजू शकतात. उभी बाजू ५०, आडवी ३६: काठीच्या टोकाजवळचा कोन सुमारे ३६ अंश. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य विषुववृत्ताच्या १८ अंश दक्षिणेला असतो, तो वजा केला की गावचा अक्षांश १८. खरा १७.७.

दोन गावांतल्या कोनांचा फरक आणि त्यांच्यातलं अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढायचा असेल तर जोडीदार शाळा दूरची शोधा. नागपूर आणि सातारा यांच्या अक्षांशांत फक्त साडेतीन अंशांचा फरक आहे, त्यात एक अंशाची चूक झाली तर ४० हजार किमीचे ५६ हजार होतात. दिल्ली घेतली तर फरक ११ अंशांचा, तीच चूक ४४ हजारांवर थांबते. अंतर रस्त्याचं नको, सरळ उत्तर-दक्षिण हवं, आणि प्रत्येक शाळेने आपापल्या मध्यान्हाला मोजायचं.

फळा_खडू

सर्वांचे मनापासून आभार. देणगीदारांशी बोलले, द्विनेत्री आणि प्लायवूडला त्यांचा होकार आहे. एका विद्यार्थिनीचे वडील गवंडी आहेत, पाणलेव्हल आणि ओळंबा ते देतायत. बुधवारी १०:४० ला पहिला गट कट्ट्यावर असेल. दिल्लीत किंवा इंदूरला कुणी शिक्षक असतील तर कृपया इथेच लिहा, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी मोजू.