प्लाय कापायला ७ इंची मशीनचं ब्लेड कोणतं घ्यावं? बजेट ८०० रुपये

निळी_खिडकी (पुणे)
पुस्तकांचं कपाट करतेय. १८ मिमी प्लाय, वर सनमायका. मशीन ७ इंची सर्क्युलर सॉ. सोबत आलेलं २४ दातांचं ब्लेड सनमायकाच्या कडा पार कुरतडतंय. शिवाय आजीच्या मोडलेल्या सागवानी पलंगाच्या फळ्या उभ्या चिरायच्या आहेत. एकच ब्लेड घेणार आहे. आजवर ब्लेड स्वतः कधी बदललेलं नाही, तेही सांगा.

सह्याद्री_वुडवर्क
भाऊ, ८०० मध्ये काय येतंय? मी ६० दातांचं २२०० ला घेतलं. चार वर्षं झाली, दोनदा धार लावली, अजून सनमायकाची कड आरशासारखी येते. एकदाच पैसे टाका.

नाशिककर_७२
सात इंची कशाला? मार्बल कटरला ४ इंची लाकडाचं ब्लेड लावा, अडीचशेला मिळतं. आमच्याकडचे सगळे सुतार तेच वापरतात. माझं अख्खं किचन त्यावर झालंय.

कणकवली_सुतारकाम
नाशिककर, कृपा करून हा सल्ला नवीन माणसाला देऊ नका. माझ्या डाव्या अंगठ्याला नऊ टाके पडलेत ते मार्बल कटरनेच. त्याचे फेरे मिनिटाला १२-१३ हजार, आणि सर्क्युलर सॉसारखं आपोआप मिटणारं खालचं झाकण त्याला नसतं. फळी दोन स्टुलांवर टेकवून मधोमध कापत होतो. तुकडे आत झुकले, ब्लेड चिमटीत सापडलं आणि मशीन उलटं माझ्याच अंगावर आलं. तेव्हापासून जमिनीवर थर्माकोलची जाड शीट टाकतो, त्यावर प्लाय आडवा. दोन्ही तुकडे शेवटपर्यंत टेकलेले राहतात. ब्लेड प्लायच्या खाली पाव इंच उतरेल एवढंच ठेवायचं.

नाशिककर_७२
पंधरा वर्षांत मला काही झालेलं नाही. हात सांभाळला की झालं.

कणकवली_सुतारकाम
मलाही अकरा वर्षं काही झालं नव्हतं.

पालघर_शेड
माझा भाऊ अमेरिकेत सॉस्टॉप कंपनीचं टेबल सॉ वापरतो, म्हणजे टेबलात बसवलेली करवत, ब्लेड खालून वर आलेलं. बोट लागलं की ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबतं. ब्लेड आणि ब्रेकचं काडतूस दोन्ही बाद होतात, पण बोट वाचतं. घ्यायचंच तर टेबल सॉ घ्या, हातातल्या मशीनवर सरळ काप सहज येत नाही.

निळी_खिडकी
भाऊ नाही, ताई. आणि बजेट ८००च आहे.

ठाणे_हार्डवेअर
ताई, दातांआधी ब्लेडच्या मधलं भोक बघा. ७ इंचीत २० मिमी, २५.४ आणि ३० असे प्रकार येतात. जुनं ब्लेड दुकानात घेऊन जा. भोक मोठं असेल तर मापाची रिंग मिळते, पण ती हाताने दाबून चपखल बसली पाहिजे. खुळखुळत असेल तर घेऊ नका. ब्लेडवर जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला किती फेरे) छापलेला असतो, तो मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. काहीच छापलेलं नसलेलं ब्लेड मी गिऱ्हाइकाला देत नाही. दात मोजायचे तर उभं चिरायला २४, मिश्र कामाला ४०, सनमायकाला ६०.

सह्याद्री_वुडवर्क
तेच सांगतोय, ६०. आणि सनमायका वरच्या बाजूला ठेवून कापा.

आयटीआय_निवृत्त
सह्याद्री, तुम्ही टेबल सॉवर कापता म्हणून वर. हातातल्या मशीनचे दात खालून वर येतात, चिलप्या वर उडतात, म्हणून चांगली बाजू खाली. दोन्ही बाजूंना सनमायका असेल तर रेषेवर मास्किंग टेप लावायची.

सह्याद्री_वुडवर्क
माझं वर ठेवूनच छान येतं.

आयटीआय_निवृत्त
टेबलावर येणारच. आता ताईंचा दुसरा प्रश्न, तो कुणी घेतलाच नाही. आधी प्लग काढा आणि पिन डोळ्यासमोर ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ब्लेड थांबल्यावर स्पिंडल लॉक, म्हणजे ब्लेडचा दांडा अडवणारं बटण, दाबा, फिरताना कधीही नाही. ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला पाना ढकलला की बोल्ट सुटतो. घड्याळाच्या काट्यांवर जाऊ नका, काही मशीनला उलटे आटे असतात. दोन्ही वॉशर काढून त्यांवरचा भुसा पुसा, तिथे कण राहिला तर ब्लेड डगमगतं. ब्लेडवरचा बाण आणि झाकणावरचा बाण एकाच दिशेला हवा. बोल्ट आवळल्यावर ब्लेड हाताने एक फेरा फिरवून बघा, मग खालचं झाकण दोनदा मागे ओढून सोडा. झटकन मिटलं पाहिजे. कित्येक जण ते तारेने बांधून ठेवतात, ते बघून मला अजून राग येतो. सुती हातमोजे नकोत, ओढणी खोचून नाही, काढून ठेवा.

पालघर_शेड
ब्लेडला धार घरीच कानशीने लावता येते, माझे वडील लावायचे.

ठाणे_हार्डवेअर
ती साध्या पोलादी ब्लेडला. टंगस्टन कार्बाइडच्या दातांवर कानस चालत नाही, त्याला डायमंडचं चाक लागतं. धारवाले दातावर हिशेब करतात. पण कापताना कड काळी पडली, जळका वास आला, तर धार गेलीच असं धरू नका. बरेचदा दातांवर लाकडाचा डिंक साचलेला असतो. ब्लेड काढून कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घाला, पंधरा मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने दातांची पाठ घासा, कोरडं करून तेलाचा हात फिरवा. पात्याला तडा दिसला तर सरळ भंगारात.

निळी_खिडकी
सगळ्यांचे आभार. बोहरी आळीतून ४० दातांचं घेतलं, ६८० ला, भोक २० मिमी. ६० चं घेतलं नाही कारण सागवान चिरायचंय आणि दुसऱ्या ब्लेडचे पैसे नाहीत. पहिला काप थर्माकोलवर, सनमायका खाली, टेप लावून घेतला. सहा फुटांत एकच टवका उडाला, तोही टेप सुटली होती तिथे. पलंगाच्या फळीवर आधी चुंबक फिरवला. एके जागी चिकटला, वर काहीच दिसत नव्हतं. टोकरलं तर डोकं तुटलेला खिळा निघाला, बोटाच्या पेराएवढा. त्या फळीचा तेवढा भाग हातकरवतीने वेगळा केला.

सह्याद्री_वुडवर्क
६० घेतलं असतं तर तो टवकाही उडाला नसता.