हेरवाडचा ठराव आपल्या गावानंही घ्यावा का?

मळ्याची वाट
१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडायचाय, त्याआधी इथं भांडून घेते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हेरवाड, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. करोनात तरण्याताठ्या बायका विधवा झाल्या, त्याची धग त्यामागं होती. त्याच महिन्यात ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढलं की इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा. आमच्या ग्रामपंचायतीत ते बहुधा फाइलला लागलं असेल.

ठरावात दंड नाही, तुरुंग नाही हे मलाही कळतं. पण गेल्या वर्षी शेजारची वहिनी विधवा झाली तेव्हा आम्ही चौघीजणी दारात उभ्या होतो. चौघींनाही ते नको होतं, आणि चौघींच्याही तोंडून शब्द फुटला नाही. ‘गावानं ठरवलंय, आता असलं करायचं नाही’ एवढं एक वाक्य हाताशी असतं तर मी बोलले असते. मला ठराव त्या वाक्यासाठी हवाय.

बांधावरचा
ताई, हेतू चांगला आहे, पण मयताच्या दारात ग्रामपंचायतीचं काय काम? रस्ता, गटार, पाणी होईना आणि हे निघाले कुंकवाचा ठराव करायला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तर मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. कागदानं माणूस बदलत असता तर तेव्हाच बदलला असता. आणि हे सगळं करतं कोण? बायकाच ना? पुरुष तर तिरडी बांधत असतात.

निवडुंग
@बांधावरचा, ‘बायकाच करतात’ हे वाक्य फार सोयीचं आहे.

माझ्या बांगड्या माझ्या सख्ख्या आत्यानं फोडल्या. आत्या स्वतः विधवा. फोडताना रडत होती, आणि माझा हात कापू नये म्हणून मनगटाला पदर गुंडाळत होती. ती दुष्ट नव्हती. तिला भीती होती की आपण हे केलं नाही तर उद्या गाव पोरीला नावं ठेवील, तिच्या मुलांची लग्नं अडतील. ओसरीवर बसलेल्या पुरुषांपैकी एकजण जरी म्हणाला असता ‘राहू दे गं अक्का’, तरी ती थांबली असती. कुणी म्हणालं नाही. म्हणून मला ठराव हवा, आणि तो पुरुषांनी हात वर करून केलेला हवा.

जुना शिक्का
ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालोय, म्हणून जरा कोरडं बोलतो.

कुंकवापेक्षा सात-बारा बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही मुलांइतकीच पहिल्या वर्गाची वारस आहे. प्रत्यक्षात तेराव्याच्या आत तिच्यापुढं हक्कसोडपत्र येतं. ‘तुला पोरांसाठीच सांभाळतोय, सही कर.’ दुःखात बाई वाचत नाही, सही करते. मी असे फेरफार डोळ्यांनी पाहिलेत आणि कागद बरोबर होते म्हणून काही बोलू शकलो नाही. कपाळावर कुंकू राहिलं आणि जमिनीवर दिराचं नाव लागलं, तर त्या ठरावाचं करायचं काय?

तिरपी रेघ
मी वेगळ्याच कारणानं विरोधात आहे. ‘सौभाग्य अलंकार’ राखण्याचा ठराव म्हणजे बाईची किंमत पुन्हा नवऱ्याच्या खुणांवरच ना? एप्रिल २०२३ मधलं आठवा. मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणायचा प्रस्ताव करा असं पत्र दिलं आणि टीका झाल्यावर सारवासारव केली. नाव बदला, दागिने ठेवा, पण हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, यावर सगळे गप्प.

निवडुंग
@तिरपी रेघ, पुस्तकात तुमचं खरं आहे. पण काढायचं की ठेवायचं हे माझं मी ठरवीन. मी मंगळसूत्र सहा महिन्यांनी स्वतःच काढून कपाटात ठेवलं. ओढून तोडणं वेगळं. एवढा फरक तरी माझ्यासाठी सोडा.

बांधावरचा
हे वाचून जरा गप्प झालो, कबूल करतो. तरी एक सांगतो. आमच्यात आजीच्या पिढीपर्यंत पाट लागायचे. विधवेचा दुसरा घरोबा ही काही नवलाई नव्हती. हे सोवळेपण आपण वरच्यांचं बघून उचललं आणि आता तीच आपली परंपरा म्हणून मिरवतोय.

मळ्याची वाट
अहो, मग तुम्ही माझ्याच बाजूचे झालात!

कर्व्यांचा दाखला तुम्ही दिलात, त्याच काळातला दुसरा मी देते. १८९० च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं तिथं ठरलं. कायदा नव्हताच. ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनीच नाही म्हटलं. आत्याच्या गोष्टीनं मला तेच सुचलं. बांगड्यांवर ज्यांचा हात पडतो त्यांच्यापासून सुरुवात करायला हवी. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच असते, आपल्याकडं ती फक्त रजिस्टरात होते. ती खरोखर घेऊ. जुना शिक्का काकांचा मुद्दाही ठरावात घालते: वारस नोंद होऊन सात-बाऱ्यावर बाईचं नाव लागेपर्यंत कुठल्याही हक्कसोडपत्रावर गावातला कुणी साक्षीदार म्हणून सही करणार नाही.

जुना शिक्का
साक्षीदाराची अट चांगली आहे. कायद्यानं बंधन नाही येणार, पण सही करणाऱ्याला लाज वाटेल. मसुदा मी लिहून देतो, भाषा सरकारी लागते.

तिरपी रेघ
त्यात हळदीकुंकवाची ओळ घाला. नाही घातलीत तर मी सभेत उठून बोलणार आहे.

बांधावरचा
माझं मत अजून अर्धंच बदललंय. पण करायचंच तर तहकूब सभेत उरकू नका. तिथं गणपूर्ती लागत नाही, मग दहा टाळकी हात वर करतात आणि गाव म्हणतं, आम्हाला कुठं विचारलं होतं? पहिल्याच सभेला माणसं आणा, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. महिला सभेला आमची मंडळी येणार आहे. मी सांगितलं नव्हतं. हा धागा तिनंच मला दाखवला.